दिवाडीच्या नौका आणि डोलकाठीच्या तारा

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की थोड्याच वेळात दिवाडी बेटावर पाऊल पडते. खाजणशेतांमधून जाणारा रस्ता, टेकडीवर पिएदादचे चर्च, आणि सर्वत्र शांतता. याच बेटावरील कारखान्यात पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या शिडाच्या नौका घडल्या, हे नवख्या प्रवाशास खरे वाटत नाही. 56 फुटी ‘म्हादेई’ येथे 2009 साली पूर्ण झाली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच कोठेही न थांबता पुरी केली. 2017-18 मध्ये सहा महिला नौदल अधिकाऱ्यांना जगाभोवती नेणारी ‘तारिणी’ही येथलीच.

वाचकहो, अशा नौकेची उंच डोलकाठी केवळ स्वतःच्या बळावर उभी नसते. पुढून, मागून व दोन्ही बाजूंनी ताणलेल्या पोलादी तारा तिला सावरतात. आणि प्रत्येक तारेचा भार शेवटी बोटाएवढ्या एका पिनेवर येतो. ती पीन निसटली, तर डोलकाठीही जाते.

म्हणून जाणता खलाशी नांगर उचलण्यापूर्वी तारांची परीक्षा घेतो. सुती फडके तारेवरून फिरवतो. तुटलेला धागा असेल, तर फडके तेथे अडकते. उघडा हात मात्र तो फिरवीत नाही, कारण तो धागा सुरीसारखा कापतो. एकही धागा तुटलेला आढळला, तर ती तार बदलणेच इष्ट. तारेचे खालचे टोक तो विशेष निरखतो. खारे पाणी ओघळून तेथे साचते, आत हवा पोहोचत नाही, आणि न गंजणारे म्हणविणारे पोलादही आतून झिजते. तपकिरी डाग वा केसाएवढी चीर ही त्याची खूण होय. तारा ज्या पट्ट्यांना जखडतात, त्या तक्तपोशीतून आरपार जातात. तेथील झीज बाहेरून दिसत नाही. पट्टी काढूनच पाहावी लागते. ताण देणाऱ्या पेचाचे आटे गोड्या पाण्याने धुऊन त्यांस वंगण द्यावे, आणि पेच सैल होऊ नये म्हणून कॉटर पीन घालावी. वरून धडधाकट दिसल्या, तरी दहा-पंधरा वर्षांनी तारा बदलण्याचा प्रघात आहे.

एवढे करूनही समुद्र कधी कधी ऐकत नाही. दिवाडीच्याच कारखान्यात बांधलेली ‘तुरीया’ घेऊन टॉमी 2018 च्या शर्यतीत उतरले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने नौका उलथली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीस गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी मत्स्यक्षेत्रावर गस्त घालणाऱ्या एका फ्रेंच नौकेने त्यांना वाचविले.

त्या वादळापुढे मनुष्याचा इलाज नव्हता. पण गंजलेल्या पिनेचा दोष वादळाच्या माथी मारता येत नाही. ती बंदरातच, हाती दिवा घेऊन, शोधावी लागते; मग भर समुद्रात शीड ताणून धरणाऱ्याचा जीव निर्धास्त राहतो.