रुक्मिणीची रखमा

आर्वी तालुक्यातून वर्धा नदी ओलांडली की कौंडण्यपूर लागतं. सरकारदरबारी हे गाव अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातलं. परंपरा मात्र त्याला विदर्भराज भीष्मकाची राजधानी मानते. म्हणजे रुक्मिणीचं माहेर.

रुक्म म्हणजे सोनं. भागवतात भीष्मकाची पाचही मुलं या एकाच शब्दावर वाढलेली: रुक्मी, रुक्मरथ, रुक्मबाहू, रुक्मकेश, रुक्ममाली. घरातला साचा तयार होता, तोच मुलीलाही लावला. थोरला रुक्मी सोडला तर बाकीचे भाऊ आज एखाद्या कीर्तनकारालाच आठवतील. मुलीचं नाव टिकलं, कारण तिने काही करून दाखवलं. भावाने ठरवलेला शिशुपाल तिला नको होता. तिने एका ब्राह्मणाबरोबर द्वारकेला कृष्णाकडे निरोप धाडला आणि लग्नाच्या आदल्या दिवशी देवीच्या दर्शनाला नगराबाहेर जाईन, हा बेतही कळवून टाकला. दर्शन झालं, रथ हजर होता. सगळी आखणी नवरीची, आणि कथेचं नाव काय, तर रुक्मिणीहरण!

मराठीने ही कथा फार लवकर उचलली. आद्य मराठी कवयित्री मानल्या जाणाऱ्या महदंबेचे धवळे, तेराव्या शतकातले, याच लग्नाची गाणी आहेत. पुढे एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचलं. लग्न जुळत नसलेल्या मुलीला त्याचं पारायण करायला बसवतात. वडीलधाऱ्यांनी जुळवलेलं लग्न मोडणाऱ्या नवरीची ही कथा, हे बसवणाऱ्यांच्या ध्यानात येत असेल का, कोण जाणे.

घराघरात गेलेलं नाव घासलं जाणारच. स्कँडिनेव्हियात मार्गारेटाची ग्रेटा झाली, इकडे रुक्मिणीची रखमा. पंढरीत ती रखुमाई. ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांची जोडी विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई. तुकोबांची पहिली बायको रखमा. पुरुषांतही रखमाजी निघाले. उत्तरेत तिची रुक्मणी झाली. गुजरातेत माधवपूरला रामनवमीपासून तिच्या लग्नाची जत्रा भरते, तर पार अरुणाचलात इदू मिश्मी लोक तिला आपली लेक सांगतात. तिथे भीष्मकनगर नावाचं ठिकाणही आहे. वऱ्हाडाने त्यावर भांडण काढायचं कारण नाही. कौंडण्यपूरहून आषाढीला तिची पालखी पंढरपूरला निघतेच. तिथेही ती विठ्ठलाच्या शेजारी उभी नाही. रुसून आली म्हणतात, देऊळ वेगळं.

देवादिकांच्या पंगतीतून हे नाव एकदा थेट मुंबई हायकोर्टात गेलं. 1864 साली जन्मलेल्या रखमाबाईचं लग्न तिच्या अकराव्या वर्षी लावून दिलेलं. मोठेपणी तिने नांदायला नकार दिला, नवऱ्याने दावा लावला. 1887 साली निकाल लागला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिने तुरुंगाची तयारी दाखवली. पौराणिक रुक्मिणीपेक्षा हिचं धाडस काकणभर जास्तच म्हणावं लागेल, कारण हिला न्यायला कोणाचा रथ येणार नव्हता. 1888 साली तडजोड झाली, दोन हजार रुपये मोजून नवऱ्याचा हक्क संपवला गेला. मग तिने लंडन गाठलं, वैद्यकीचं शिक्षण पुरं केलं आणि परतल्यावर सुरत व राजकोटला डॉक्टर म्हणून अनेक वर्षं काम केलं. 1955 साली डॉ. रखमाबाई वारल्या.