अकरावी ओळ

प्रेसनोट हातात आली की मी आधी पेन्सिल घेते आणि 'क्रांतिकारी' हा शब्द शोधते. बहुधा पहिल्याच वाक्यात सापडतो. मग 'देशातील पहिलेच', मग 'अत्याधुनिक'. एवढे तीन छाटले की मजकूर निम्मा होतो आणि समोर बसलेल्या फाउंडरचा चेहराही. बारा वर्षं मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर असल्या प्रेसनोटा टोपलीत टाकत होते. आता त्याच लिहून देते. टोपली कुठे असते हे ठाऊक असणं, एवढंच माझं भांडवल.

परवा आलेला मुलगा द्राक्षवाला. म्हणजे द्राक्षबागेत बसवायचं एक छोटं हवामान केंद्र त्याने बनवलंय. पान किती वेळ ओलं राहिलं हे ते मोजतं आणि डावणी रोगाचा धोका असेल तरच मोबाइलवर कळवतं. नुसत्या धास्तीपोटी मारलेल्या फवारण्या वाचतात. वस्तू खरंच चांगली. प्रेसनोट मात्र सगळी फंडिंगची: पैसे किती आले, कुणी दिले, पाच वर्षांत कुठल्या कुठल्या देशांत जाणार.

"मॅडम, पहिल्या पानावर येईल ना?"

"पहिलं पान हवं असेल तर जाहिरात विभागाकडे जा. तिथे रेटकार्ड मिळतं."

तो हसला, पण त्याला ते पटलं नव्हतं. संध्याकाळी पान लावायला बसलेल्या उपसंपादकाला तुमच्या फंडिंगचं सोयरसुतक नसतं, हे कुणाही फाउंडरला पहिल्या फटक्यात पटत नाही.

नोटेत '१० हजार शेतकरी' असं लिहिलं होतं. मी विचारलं, हे कुठले? ॲप डाउनलोड केलेले. आणि यंत्र बसवलेले? ६३.

हा प्रश्न मला फुकट सुचलेला नाही. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका कंपनीचा असाच आकडा मी न विचारता पुढे पाठवला. डेस्कवरच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, "अगं, यातल्या एका शेतकऱ्याचा नंबर दे." नंबर मिळायला दोन दिवस लागले, आणि मिळाला तो फाउंडरच्या मामाचा. हे सहकाऱ्याला दोन मिनिटांत कळलं. पुढे वर्षभर त्याने माझी मेल उघडली नाही. चूक माझीच होती.

वाचकाला काय हवं ते आधी बघायचं, ही युक्ती काही माझी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती, गिऱ्हाईक मिळेना. १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीत, कारखाना उभा राहिला आणि १९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवायला निघालेलं हे पत्र. पण संपादक शंकरराव किर्लोस्करांना वाचक कळत होता. मालाची भलामण मागे पडत गेली, वाचकाला हवं ते पुढे येत गेलं आणि त्याचं घरोघर वाचलं जाणारं मासिक झालं. १९३० साली जोडीला 'स्त्री' आलं, १९३४ साली 'मनोहर'. आता याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात आणि ते शिकवायला हॉटेलात वर्कशॉप घेतात. (मीही एकदा घेतलंय. जेवण चांगलं होतं.)

तर ६३ जणांची यादी मी मागून घेतली. त्यात एक नंबर पलूसचा निघाला, म्हणजे किर्लोस्करवाडीच्याच तालुक्यातला. स्पीकर सुरू करून फोन लावला.

"चार फवारण्या वाचल्या, ताई, खोटं कशाला सांगू," पलीकडून आवाज आला. "पण ऐन फुलोऱ्यात मशीन दोन दिवस बंद पडलं. ह्यांचा एक माणूस फोन उचलेना. मग मी आपलं नेहमीच्या अंदाजानं औषध मारलं."

मुलाचे कान लाल. फोन ठेवल्यावर म्हणाला, "हे नको घालायला."

"का नको? बागाईतदार वाचणार तो हेच शोधत वाचणार."

बराच वेळ तो पेन्सिलशी चाळा करत बसला. मग म्हणाला, त्या प्रकारानंतर एक मुलगा नेमलाय, सकाळी सहापासून फोनवर असतो. यंत्र बंद पडलं तर दुसऱ्या दिवशी बागेत माणूस जातो.

"मग हे नोटेत का नाही?"

"त्यात काय सांगायचं, मॅडम?"

नोट मी नव्याने लिहिली, अर्ध्या पानाची. शेतकऱ्याला पुन्हा फोन करून त्याचं बोलणं वाचून दाखवलं. त्याने एक शब्द बदलायला लावला. आकडा ६३ च ठेवला.

बातमी आली. सांगली आवृत्तीत, आतल्या पानावर, चौदा ओळींची. मथळा फवारणीचा, कंपनीचं नाव अकराव्या ओळीत, फंडिंगचा उल्लेख नाही. सकाळी साडेनऊला मुलाचा फोन, "मॅडम, नाव जरा वर घेता आलं असतं." चौकशीचे सात फोन येऊन गेले होते, हे त्याने नंतर सांगितलं. त्यातल्या पाच जणांनी किंमत विचारायच्या आधी विचारलं होतं, बंद पडलं तर कोण येणार?