पात्याच्या बुडाचं साल

लष्कराने शिपायाला दिलेला घडीचा चाकू उघडून पाहिला की पात्याच्या बुडाशी, जिथे धार संपते तिथे, बहुधा एक बारीक ठसा सापडतो. त्यात कारखान्याचं नाव असतं, ब्रिटिश माल असेल तर सरकारी मालकीची बाणाची खूण असते, आणि साल असतं. कधी चार आकडी, कधी नुसते शेवटचे दोन आकडे. दुकानात विकायला केलेल्या चाकूवर साल क्वचितच असतं. ते घातलं तर पडून राहिलेला माल गिऱ्हाईक लगेच ओळखेल. सरकारी खरेदीचं उलट आहे. ठेका कोणाला दिला होता, माल कधी तयार झाला, मोडलेलं पातं कोणत्या खेपेतलं, हे पुढे केव्हातरी कोणीतरी विचारणार असतं, म्हणून उत्तर पोलादावरच लिहून ठेवलेलं असतं. हिशेबासाठी मारलेला हा ठसा संग्राहकांच्या हाती आला आणि त्याला वेगळंच मोल चढलं. एकाच नमुन्याचे, एकाच मापाचे, पहिल्या नजरेला जुळे वाटणारे चाकू सालवार मांडायचे आणि मधली गळलेली वर्षं शोधत राहायचं, असा छंद जगभर चालतो. जे वर्ष सहजी मिळत नाही त्याची किंमत वाढते, आणि वाढलेली किंमत त्या वर्षाला आणखी तेज देते. मला हा छंद मनापासून आवडतो. पण त्यातला दुर्मीळपणाचा हिशेब बहुतेक वेळा अर्ध्यावरच थांबतो, असं मला वाटतं. हे साल ‘किती’ दुर्मीळ आहे एवढंच विचारलं जातं. ते ‘का’ दुर्मीळ आहे हा प्रश्न मागे राहतो, आणि चाकूला जे सांगायचं असतं ते सगळं त्या दुसऱ्या प्रश्नात असतं.

नाणी जमवणाऱ्यांना हा भेद परका नाही. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया मिळवायला आजही भरपूर पैसे मोजावे लागतात, आणि १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की ते नाणं युद्धाच्या उंबरठ्यावरच्या सरकारची तिजोरी दाखवू लागतं. न ठेवल्या तर ते फक्त महाग नाणं राहतं. चाकूच्या बाबतीत तर आणखी एक गाठ सोडवावी लागते. एखादं साल आज कमी दिसतं, ते त्या वर्षी चाकू कमी घडले म्हणून, की पुष्कळ घडले पण थोडेच उरले म्हणून? बाजार या दोन्हींना एकाच भावात तोलतो. पहिल्या टंचाईत खरेदी करणाऱ्या कचेरीचा इतिहास असतो; दुसरीत चाकू वापरणाऱ्या हातांचा. दोन्ही वाचण्यासारखे आहेत, पण ते एक नव्हेत.

घडणीतल्या टंचाईचा सर्वांत स्वच्छ दाखला स्वित्झर्लंडचा आहे. तिथल्या सैन्याने १८८९ मध्ये नवी रायफल घेतली, ती खोलायला पेचकस लागत होता, आणि डबाबंद अन्न फोडायलाही काहीतरी हवं होतं. पातं, टोच्या, डबा फोडायचं अवजार आणि पेचकस असा चौघांचा संसार एका मुठीत बसवून १८९० चा नमुना ठरला. एवढा माल काढील असा कारखाना देशात नसल्यामुळे पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगनहून आली. श्वीझ परगण्यातल्या इबाख गावच्या कार्ल एल्सनरने ते काम मायदेशी आणायचा ध्यास घेतला आणि १८९१ मध्ये त्याचे पहिले चाकू सैन्याकडे गेले. पुढे व्हिक्टोरिनॉक्स म्हणून नावाला आलेला कारखाना तो हाच. फ्रेंच बोलणाऱ्या भागात वेंगर हा दुसरा कारखाना उभा राहिला, तेव्हा भांडण नको म्हणून १९०८ पासून सरकारने काम दोघांत निम्मंनिम्मं वाटून दिलं. त्यामुळे पुढच्या कित्येक सालांचे चाकू जोडीने येतात आणि दोन्ही ठसे मिळाल्याशिवाय संग्राहकाला ते साल पुरं वाटत नाही. १९५१ मध्ये न गंजणारं पोलाद आलं, १९६१ मध्ये ॲल्युमिनियमची खरबरीत रुपेरी मूठ आली, आणि तो नमुना २००८ पर्यंत टिकला. तिथला शिपाई नागरिक-सैनिक. सेवा संपली की चाकू त्याच्याच घरी राहतो. म्हणून त्या देशात चाकू उरण्याचं प्रमाण चांगलं आहे, आणि एखादं साल कमी दिसलं तर त्यामागे मागणीतली चढउतार, नमुन्याचा बदल किंवा आधीच भरलेली गोदामं, असं कचेरीतलंच कारण असण्याचा संभव जास्त. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॅमिलस कारखान्याने अनेक दशकं सैन्याला पूर्ण पोलादी चाकू पुरवले, पात्याच्या बुडाशी साल मारून. २००७ मध्ये कारखाना बंद पडला आणि ती सालांची रांग जिथे होती तिथे थांबली.

ब्रिटिश चाकूची गोष्ट गुंतागुंतीची आहे, आणि आपल्याशी तिचं नातं जवळचं आहे. दुसऱ्या महायुद्धातला त्यांचा चाकू जाडजूड: काळी, चौकड्यांची मूठ, एक रुंद पातं, डबा फोडायचं अवजार, पाठीला दोरीची गाठ सोडवणारं दाभण आणि कमरेला अडकवायला कडी. ब्रिटिश आणि राष्ट्रकुलाच्या सैनिकांच्या सामानात तो होता. त्या युद्धात भारतीय सैन्याची संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली होती. मराठा पलटणी एरिट्रियात केरेनला आणि पुढे इटलीत लढल्या, तिथेच यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. या काळातलं साल असलेला ब्रिटिश चाकू आज तुलनेने सहज सापडतो, म्हणून संग्राहक त्याच्याकडे पाठ फिरवतो आणि युद्धानंतरच्या एखाद्या अडनिड्या वर्षामागे लागतो. मला ही निवड उफराटी वाटते. युद्ध संपलं की गोदामं भरलेली असतात, नवी मागणी आटते, आणि शांततेतलं साल कमी पडतं. त्याला एवढंच कारण पुरतं. युद्धातल्या सालाचा चाकू मुबलक असतो तो लाखोंनी घडला म्हणून. पण त्यातले झिजलेले, दगडावर घासून घासून पातं निम्मं झालेले, दाभण वाकलेले चाकू वेगळे काढा, म्हणजे खरी टंचाई दिसू लागते. जे वापरले गेले ते मोडले, हरवले, वाळूत आणि चिखलात राहिले. जे कोरे उरले ते बहुधा खोक्यातून कधी बाहेरच आले नाहीत. कोऱ्या मालाला दुप्पट भाव देणारा बाजार नकळत गोदामांचा इतिहास जपतो, शिपायांचा नव्हे.

तळेगाव दाभाड्यात बसून हे लिहायला कारण आहे. लोणावळ्याहून पुण्याकडे जाणारी लोकल तळेगाव, घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड करत खडकीला पोचते तेव्हा ती लष्करी गोदामांच्याच रांगेतून गेलेली असते. तळेगावात ऑर्डनन्स डेपो, देहूरोडला सी.ओ.डी., म्हणजे मध्यवर्ती ऑर्डनन्स डेपो, खडकीला १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना आणि रणगाड्यांचा डेपो. या पट्ट्यातल्या कित्येक घरांची चूल डेपोच्या पगारावर पेटली आहे. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. डेपोभोवती वसलेल्या कामगार वस्तीच्या आयुष्यात ही तारीख कोणत्याही ठशातल्या सालापेक्षा ठळक आहे. इथे माल कसा फिरतो हे लोकांना ठाऊक असतं: लेजरला नोंद, व्हाउचरवर इश्यू, परत आला की जमा, निकामी झाला की ‘कंडम’, आणि शेवटी लिलाव. लिलावात माल ढिगाने जातो. ढिगातला चाकू कोणत्या सालचा हे विचारायचं कारण भंगारवाल्याला नसतं. पोलादाचा भाव किलोवर असतो. म्हणजे एखाद्या देशात एखाद्या सालचे किती चाकू उरतील हे सैनिकाच्या मायेपेक्षा निकामी मालाचं काय करायचं या नियमावर ठरतं. स्वित्झर्लंडमध्ये चाकू घरी जातो, आपल्याकडे तो हिशेबात परत येतो आणि भट्टीत जातो. पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात एखादा बाणाचा ठसा असलेला चाकू हाती लागलाच, तर तो या नियमाच्या फटीतून निसटलेला आहे. ही गोष्ट त्याच्या सालाइतकीच, किंबहुना अधिक, सांगण्यासारखी आहे.

यावर जाणकार संग्राहक म्हणेल की झिजलेला चाकू पुरावा म्हणून कच्चा असतो. झिजेबरोबर ठसाही पुसतो, कारखाना कळत नाही, साल वाचता येत नाही. आणि जो वाचताच येत नाही त्यातून इतिहास कसा काढणार? आक्षेप खरा आहे आणि तो मला अर्धा मान्य आहे. पातं किती झिजलं हे मोजायला न झिजलेलं पातं शेजारी लागतं. कोरा नमुना नसेल तर वापरलेल्याची भाषा कळायची नाही. म्हणून कोरा चाकू हवाच, पण मोजपट्टी म्हणून. मोजपट्टीचाच संग्रह करत राहिलं तर मोजायचं काय? शिवाय दुर्मीळ सालाच्या मागे धावण्यात एक धोका आहे, तो छंदातले जुने लोक पुरेपूर ओळखतात. दोन आकडे खोटे मारणं फार अवघड नाही. एका चाकूचं पातं दुसऱ्या मुठीत रिव्हेट करून देणं त्याहून सोपं. झीज मात्र खोटी करायला कठीण जाते: पात्याचा पोट भाग कुठे खपला, डबा फोडायच्या अवजाराचं टोक कोणत्या बाजूला बोथट झालं, कडीने मुठीवर कुठे खाच पाडली, हे सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. उजव्या हाताने वर्षानुवर्षं वापरलेला चाकू एका विशिष्ट रीतीने झिजतो. ठशावर विश्वास ठेवायचा की नाही, हे पुष्कळदा ही झीजच सांगते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चाकू हे हत्यार. लष्करी चाकू जमवणं म्हणजे हिंसेला काचेच्या कपाटात बसवणं नाही का? कट्यार किंवा संगीन यांच्याबाबत हा प्रश्न मी टाळणार नाही. पण घडीच्या चाकूची कामं पाहा: डबा फोडणं, पाव कापणं, दोरी तोडणं, गाठ सोडवणं, पेच आवळणं. मारण्यासाठी सैन्याने शिपायाला दुसरं पुष्कळ दिलं होतं. हा चाकू मधल्या वेळेचा होता, आणि युद्धात मधला वेळच जास्त असतो. आपला कायदाही थोडासा असाच भेद करतो: शस्त्रांविषयीच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि घरगुती, शेतीची वा कारखान्याची अवजारं त्यातून वगळली आहेत. खिशातल्या चाकूचं पातं त्या मापाच्या जवळपासही जात नाही. तरी चाकू घेऊन कुठेही फिरावं असं मी सुचवत नाही. संग्रहाची जागा घरात, कागदाच्या नोंदीसह.

आणि शेवटी, हा छंद परदेशी आहे, आपल्याकडे कोणाला कळणार, असंही म्हटलं जातं. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहणाऱ्याने तरी असं म्हणू नये. दिनकर केळकरांनी रोजच्या वापरातल्या धारदार वस्तू कलावस्तूंच्या मानाने जमवल्या. पण अडकित्त्यावर सहसा साल नसतं, त्याचा काळ घडणीवरून अंदाजाने ठरवावा लागतो. लष्करी चाकू ती अडचण आपणहून सोडवून देतो. आणि चाकण-तळेगावच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या माणसाला खेप, लॉट, हीट नंबर यांचं महत्त्व कोणी शिकवायला नको. फोर्जिंगच्या तुकड्यावरचे दोन आकडे वाचून तो माल कोणत्या भट्टीचा हे सांगू शकतो. आपल्या सैन्याच्या सामानाचं असं वाचन अजून झालेलं नाही. १९६२ नंतर सैन्याची मंजूर संख्या सव्वाआठ लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. त्या वर्षांत मेसटिन, पाण्याच्या बाटल्या, हॅवरसॅक, चाकू यांची खरेदी कशी फुगली आणि नंतर कशी ओसरली, हे वस्तूंवरच्या सालांवरून मांडता येईल. त्यासाठी दुर्मीळ नमुन्याला फार पैसे मोजायची गरज नाही. तळेगावात, देहूरोडला, खडकीत डेपोमधून निवृत्त झालेले स्टोअरकीपर आहेत. कोणत्या वर्षी कोणता माल आला, कोणता परत गेला, कोणता न उघडता कंडम झाला, हे त्यांच्या लक्षात आहे. जे सांगायला मुक्त आहे तेवढं त्यांच्याकडून नावानिशी, सालानिशी लिहून घ्यावं, आणि प्रत्येक चाकूच्या चिठ्ठीवर साल आणि कारखाना यांच्या खाली आणखी दोन रकाने आखावेत: किती झिजला, आणि भट्टीत जायचा कसा राहिला.