मालकाचा पगार

माझ्याकडे हिशेब घेऊन येणारे बहुतेक अशील एकट्याच्या मालकीचा व्यवसाय चालवतात. किराणा, हार्डवेअर, छापखाना, खाणावळ. सनदी लेखापाल म्हणून मी त्यांची विक्री नंतर पाहते, आधी उचल खातं उघडते. घरासाठी मालकाने धंद्यातून काढलेली रक्कम तिथे लिहिलेली असते. मंगळवारी गल्ल्यातून दोन हजार, शुक्रवारी दुकानाच्या खात्यातून गॅस सिलिंडर, जूनमध्ये एकदम मुलीची फी. दिवाळीचा माल भरायच्या वेळी हात आखडतो, तेव्हा त्याला वाटतं की बाजार मंदावलाय.

या विस्कळीतपणाला कायद्याचाही थोडा हातभार आहे. करारात तशी तरतूद असेल, तर भागीदारी संस्थेला भागीदाराचा पगार ठरावीक मर्यादेत खर्च म्हणून दाखवता येतो. एकट्या मालकाला ती सोय नाही, कारण प्राप्तिकराच्या लेखी तो आणि त्याचा धंदा एकच. त्यामुळे स्वतःला पगार लावायचं कुणाच्या मनातच येत नाही. विवरणपत्रात तो नका दाखवू. स्वतःच्या वहीत मात्र मांडायलाच हवा.

समजा, वर्षाला ६ लाख नफा झाला. गाळा स्वतःचा आहे. भाड्याने दिला असता तर महिन्याला १५,००० आले असते. मालकाचं काम पगारी माणसाकडून करून घ्यायचं तर महिना २५,००० द्यावे लागतील. बायको दुपारभर गल्ला सांभाळते, त्याचे १५,०००. सगळं मिळून वर्षाचे ६ लाख ६० हजार होतात. म्हणजे दुकान ६० हजारांनी तोट्यात आहे आणि दोघं आपल्या श्रमांनी ते उभं ठेवताहेत. ही बेरीज समोर आली की बायकोच्या तासांचा विषय निघतो, बहुतेक घरांत पहिल्यांदाच. तो निघावा म्हणूनच मी ती मांडते. तिच्या कामाला किंमत न लावता घर आणि धंद्याचा मेळ घालायच्या गप्पा मला पोकळ वाटतात.

पुढचं काम सोपं आहे. घराचं बँक खातं वेगळं काढायचं आणि एक तारखेला ठरलेली रक्कम तिकडे वळवायची. पीपीएफ असेल तर त्याचे पैसे पाच तारखेच्या आत भरावेत. व्याज पाच तारीख ते महिनाअखेर या काळातल्या किमान शिलकीवर धरलं जातं. धंद्याचं कर्ज फेडायची जबाबदारी मालकाच्या खासगी मालमत्तेवरही येते, म्हणून आयुर्विमा काढताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली काढता येतो का, हे विचारून घ्यावं. तशा पॉलिसीची रक्कम बायकोमुलांची राहते. देणेकऱ्यांना सहसा तिला हात लावता येत नाही.

वेळेचा हिशेब याहून अवघड. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा दिली, पण कामगाराला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी देणं बंधनकारक केलं. मालकाला अशी सुट्टी कुणी देत नाही. म्हणून पुण्यातल्या ज्या दुकानदारांनी दुपारी एक ते चार दार लावायची रीत सांभाळली, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. जेवण आणि झोप त्यांनी धंद्याच्या वेळापत्रकातच बसवली. जीएसटीच्या ११ आणि २० तारखा, आगाऊ कराची १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतातच. वडिलांची तपासणी आणि मुलाची परीक्षाही त्याच कॅलेंडरवर लिहा, नाहीतर दर वेळी तारखेचीच बाजू जिंकेल.

‘आमचा धंदा हंगामी, ठरावीक पगार कसा घेणार?’ हा प्रश्न रास्त आहे. पगार सर्वांत मंद महिन्याला झेपेल एवढाच ठरवावा. हंगामात वर राहील त्याचा निर्णय वर्षातून दोनदा घ्यावा, एकदा मार्चअखेरीला आणि एकदा दिवाळीच्या पाडव्याला नवी वही घालताना. किती पैसे मालात घालायचे आणि किती घरात, हे त्या दिवशी बायकोने, आणि मुलं मोठी असतील तर त्यांनीही, वही समोर घेऊन बोलावं.