शेनयांग, कोर्लई आणि आमची सांडोर

शेनयांगच्या जुन्या राजवाड्यात एक अष्टकोनी दरबार आहे. दारापुढच्या दोन खांबांना सोनेरी ड्रॅगन विळखा घालून बसलेत. मांचूंचा राजा नूरहाची, त्यानं १६२५ मध्ये हा वाडा बांधायला घेतला; त्याच्या वंशजांनी १६४४ पासून १९१२ पर्यंत चीनवर राज्य केलं. पाट्यांवर चिनीच्या शेजारी वरून खाली झरझर उतरणारी मांचू लिपी. आमची वाटाडी मुलगी स्वतः मांचू. ‘वाच की,’ म्हटलं तर नुसती लाजून हसली. अंगणात राणीचा पोशाख भाड्यानं घेऊन, डोक्यावर भलंमोठं फुलांचं आडवं शिरोभूषण चढवून पोरींचे फोटो चालले होते.

मला त्यात नवल वाटलं नाही. मी सांडोरचा. आमच्या वसईच्या किल्ल्यातही लग्न ठरलेली जोडपी पडक्या कमानींखाली अशीच फोटोला उभी असतात.

मांचूंना मांचू येईना म्हणून नूरहाचीच्या वंशातला चियानलुंग बादशहा आपल्याच सरदारांवर चिडायचा. पण एवढं राज्य हाकायचं तर रयतेच्या भाषेत उतरावंच लागतं. आज जनगणनेत मांचू एक कोटीच्या वर. लहानपणापासून ती भाषा बोलत आलेली माणसं मात्र मोजकीच, तीही म्हातारी. याच बादशहानं १७६४ मध्ये शेनयांग भागातले शिबे जमातीचे सैनिक बायकापोरांसह पार पश्चिमेला, इलीच्या सरहद्दीवर धाडले. त्यांची भाषा मांचूची अगदी सख्खी. तिकडे चापचालला ती अजून बोलली जाते. राजधानीत गेली, ठाण्यावर टिकली.

आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? पोर्तुगीज वसईत १५३४ पासून होते, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेईपर्यंत. त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं हे मुख्य ठाणं. चर्चं राहिली, आडनावं राहिली, पाव राहिला. त्यांच्या भाषेचा वंश ऐकायचा तर कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लईला जायचं. १७४० मध्ये साहेब तिथूनही गेले. किल्ल्याखालची गरीब ख्रिस्ती कुटुंबं मात्र पोर्तुगीजातून घडलेली आपली बोली घरात बोलत राहिली.

वसईच्या आपल्या बोली म्हणजे सांडोरकडे वाडवळी, वर नंदाखाल-गासकडे सामवेदी. पाहुणे किल्ला बघतात, चर्चचा फोटो काढतात, मासळी जेवून जातात. केळीच्या वाडीत पाणी सोडताना दोन बाया पाटावरून कडाकडा भांडतात, तिथे कोण कशाला थांबेल? खरं तर वसईत ऐकण्यासारखं तेच आहे, आणि त्याला तिकीट नाही.

माझी भाची आजीचं वाडवळीतलं रागावणं शब्दन् शब्द समजते आणि उत्तर हिंदीत देते. बहिणीचं म्हणणं, शाळेत चालेल तेच बोलू दे तिला. बहिणीला काय सांगणार? मीही हे वाडवळीत लिहिलेलं नाही.