पोथींतली गाय आणि गोठ्यांतली गाय

आमच्या भाचीचा मुलगा पशुवैद्यकाच्या चौथ्या वर्षास आहे. गेल्या दिवाळींत तो दोन सहाध्यायांसह आमच्या गांवीं आला होता. पाडव्याच्या पहाटे शेजारचे शेतकरी धांवत आले. त्यांची गाय अडली होती. 'घरांत तिघे डॉक्टर असतां चिंता कशाची?' असें म्हणून आम्हींच मुलांस पुढें घातलें. वासराची मान मागें वळली आहे हें त्यांनीं ओळखलें. पण ती सरळ करण्यास कोणाचा हात धजेना. तालुक्याचे डॉक्टर येईपर्यंत दीड तास गेला. गाय वांचली, वासरूं मात्र मेलेलेंच हातीं आलें.

फराळाच्या वेळीं आम्ही जरा कठोर बोललों. "इतकीं वर्षें शिकलांत तरी काय?"

नातू मान खालीं घालून म्हणाला, "आजोबा, हा प्रसंग परीक्षेंत आला असता तर पैकीच्या पैकीं गुण मिळाले असते. पण एका गाईभोंवतीं आम्ही वीस जण उभे असतों. आपली पाळी यावी तों तास संपतो."

त्यांच्यांतील मुलगी म्हणाली, "औषधें शिकवितात. पण गाय जगणार नाहीं, हें मालकास कसें सांगावें, हें कोणी शिकवीत नाहीं."

भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमांनीं हा अभ्यासक्रम साडेपांच वर्षांचा ठरविला. त्यांतील शेवटलें वर्ष प्रत्यक्ष कामाचें. योजना वाईट नाहीं. परंतु हाताचें शिक्षण शेवटावर ठेवून कसें चालेल? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानाचा नववा अध्याय सरावावरच आहे. छेदन कोहळ्यादुध्यांवर, शिरावेध मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर आधीं करून पाहावा. बहुश्रुत असूनही ज्यानें सराव केला नाहीं तो कर्मास अयोग्य, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे.

हा अध्याय आम्ही वर्गांत मोठ्या कौतुकानें सांगत असूं. आणि स्वतः? तीस वर्षें मुलांकडून 'राम' शब्द चालवून घेतला. त्यांतील एकालाही संस्कृतांत पाणी मागतां आलें असतें कीं नाहीं, याची शंकाच आहे. फराळाच्या वेळच्या त्या प्रश्नाची आम्हांस लाज वाटली.

नाताळच्या सुट्टींत नातू पुन्हां आला आणि तालुक्याच्या त्याच डॉक्टरांबरोबर आठवडाभर गोठोगोठीं हिंडला. एका रात्रीं चिखलानें माखून परतला आणि म्हणाला, "आजोबा, आज डॉक्टरांनीं माझ्या हातून वासरूं सोडविलें. जिवंत आहे."

सकाळीं आम्हीं ही वार्ता शेजाऱ्यांस सांगितली. ते क्षणभर आपल्या गाईकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बरें झालें, गुरुजी. पुढच्या खेपेस त्यालाच बोलावूं."