ट्रॉलीवरची छत्री

दसरा उरकला की बीड जिल्ह्यातल्या पालीतून ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळी, लेकरं. आणि हल्ली सगळ्यात वर डिशची छत्री, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. उन्हाळा लागेपर्यंत संसार असाच फडाफडावर.

आज शेजारचा पोरगा छत्रीचे नटबोल्ट डब्यात भरत होता. म्हटलं, "चालत्या ट्रॉलीवर लागंल का रे?"

"न्हाई काका, जरा हलली की चित्र गेलं."

खरंच आहे. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला. बीडहून तो आग्नेयेला, साधारण ६० अंश वर. फडावर कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, पाइप रोवायचा आणि सिग्नलची पट्टी भरेपर्यंत छत्री बोटभर-बोटभर सरकवायची. महिन्याचा रिचार्ज नाही, शिवाय टीव्हीसोबत आकाशवाणीही लागते. वर्ल्डस्पेसचा वर्गणीचा उपग्रह रेडिओ २००९अखेर भारतात बंद पडला. फुकटातली ही छत्री मात्र टिकली.

करमणुकीची सोय या माणसांनी स्वतःच केली. कोपीवर दिवा आणि प्यायचं पाणी पोचवणं तरी साखर कारखान्यांनी अंगावर घ्यावं.